तीन वयांची मुलं, एक विज्ञान: कोकणात घरी शिकवताना अभ्यासक्रम कसा निवडावा

घरात शिकणारं मूल एकच असेल तर विज्ञानाचा अभ्यासक्रम निवडणं फार अवघड नाही. एखादा बरा संच घ्यायचा आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात करायची. खरा पेच पडतो तो पाच, आठ आणि बारा वर्षांची भावंडं एकाच घरात शिकत असतात तेव्हा. पालक तीन इयत्तांची तीन पुस्तकं आणतात. सकाळी धाकट्याला ‘पाणी’, मधलीला ‘पचनसंस्था’, मोठ्याला ‘विद्युतधारा’ अशी शिकवणी सुरू होते आणि गणपती येईपर्यंत आई-बाबा दमून जातात. मग सगळ्यात आधी मागे पडतं ते विज्ञान. भाषा आणि गणित बुडालं तर लगेच दिसतं, विज्ञान बुडालेलं वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगते. घरात विज्ञानाचा विषय एका वेळी एकच असावा आणि तो सगळ्या मुलांना मिळून असावा. वयाप्रमाणे वेगळी ठेवायची ती अपेक्षा: कुणी काय बघायचं, कुणी काय मोजायचं, कुणी कारण शोधायचं. आणि तो विषय कोणता हे पुस्तकाच्या अनुक्रमणिकेआधी दाराबाहेरच्या ऋतूला विचारावं. कोकणात राहणाऱ्यांना हे जमण्यासारखं आहे, कारण समुद्र, खाडी, खाजण (भरतीचं पाणी शिरणारी दलदल), कातळाचा सडा (खडकाळ पठार), भातशेती आणि आंब्या-काजूच्या बागा इथे एकमेकींपासून फार लांब नाहीत. पुस्तक लागतंच, पण ते कणा म्हणून. बाकीचं शरीर आपल्या गावातून मिळतं.

आता एकेक पाऊल क्रमाने घेऊ.

आधी परीक्षेची वाट ठरवा

मुलं पुढे कोणत्या परीक्षेला बसणार, यावर राज्याच्या पाठ्यक्रमाला किती धरून राहायचं हे ठरतं. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. होमस्कूलिंगसाठी त्यात वेगळी नोंदणी किंवा मान्यता नाही. पण त्याचं चौथं कलम आपल्या उपयोगाचं आहे. शाळेत कधी न गेलेल्या किंवा शाळा मध्येच सुटलेल्या मुलाला वयानुसार योग्य वर्गात प्रवेश मिळतो आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचाही हक्क त्यात आहे. म्हणजे उद्या गावातल्या शाळेत घालायचं ठरलं तर दार बंद नसतं.

शाळेबाहेर राहून परीक्षा द्यायच्या असतील तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष स्तर देते, पुढे दहावी-बारावीही देते. महाराष्ट्राचं मुक्त विद्यालय मंडळ पाचवी, आठवी, दहावी आणि बारावीच्या पातळीवर परीक्षा घेतं. दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसण्याची वाटही आहे. वयाच्या आणि विषयांच्या अटी त्या त्या वर्षाच्या परिपत्रकात बघाव्यात, ऐकीव माहितीवर जाऊ नये. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी हे सगळं नुसतं माहीत असलं तरी पुरे, त्याचं ओझं विज्ञानावर टाकू नका.

इयत्ता बाजूला ठेवून मुलांकडे बघा

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८, ८ ते ११ आणि ११ ते १४ असे वयाचे टप्पे केले आहेत. भावंडांच्या घरात विज्ञानासाठी हे टप्पे इयत्तांपेक्षा जास्त कामाचे आहेत.

पाच-सहा वर्षांचं मूल बघतं, हाताळतं, वेगळं करतं, नाव देतं. त्याला कारण सांगायची घाई करू नये. ‘बाष्पीभवन’ हा शब्द त्याला पाठ होईल, पण वळचणीला वाळत घातलेला टॉवेल आणि उन्हातला टॉवेल यांतला कुठला आधी सुकतो हे त्याने स्वतः हात लावून बघितलेलं जास्त टिकतं. आठ-नऊ वर्षांची मुलगी मोजू शकते, रोज नोंद ठेवू शकते आणि ‘एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं’ ही प्रयोगाची शिस्त तिला समजायला लागते. बारा वर्षांच्या मुलाला न दिसणाऱ्या गोष्टींची कल्पना करता येते: कण, दाब, ऊर्जा. तो आलेख काढतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुस्तकात छापलंय ते खरं कशावरून, असं विचारू शकतो. त्याला ते विचारू द्यावं.

एक नारळ घ्या. धाकट्याला विचारा, पाण्यात टाकला तर बुडेल की तरंगेल? आधी सांगायला लावा, मग टाकू द्या. मधलीला सोललेला आणि न सोललेला असे दोन द्या. कुठला किती वर राहतो? गोड्या पाण्यात आणि समुद्राच्या पाण्यात फरक पडतो का? मोठा त्याचं वजन करेल, काठोकाठ भरलेल्या बादलीत तो दाबून पूर्ण बुडवून, सांडलेलं पाणी मोजून आकारमान काढेल, घनता काढेल आणि मग समुद्रावरून वाहत आलेला नारळ दुसऱ्या किनाऱ्यावर रुजतो त्याचा सोडणाशी (वरच्या काथ्याच्या आवरणाशी) काय संबंध, इथपर्यंत पोचेल. बादली एकच, नारळ दोन, शिकवणारी व्यक्तीही एकच. अभ्यासक्रम निवडताना मनात हे चित्र ठेवा: या पुस्तकातला धडा असा तीन पायऱ्यांत मांडता येतो का?

काय काय उपलब्ध आहे

बालभारतीची पुस्तकं सगळ्यांच्या ओळखीची. पहिली-दुसरीला विज्ञानाचं वेगळं पुस्तक नाही, तिसरी ते पाचवी ‘परिसर अभ्यास’, सहावी ते आठवी ‘सामान्य विज्ञान’, नववी-दहावीला ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’. ई-बालभारतीवर ती मोफत उतरवून घेता येतात. नव्या धोरणाप्रमाणे पुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलत आहेत, तेव्हा चालू आवृत्ती घ्या. या पुस्तकांचं मोठं बळ म्हणजे मराठी परिभाषा आणि विषयांची पूर्ण व्याप्ती. उणीव अशी की प्रश्न विचारून लगेच खालच्या ओळीत उत्तर येतं. म्हणून मी ती यादी आणि संदर्भ म्हणून वापरावीत असं म्हणेन, रोजच्या वाचनासाठी नाही.

एनसीईआरटीची पुस्तकंही मोफत मिळतात, पण मराठीत नाहीत. इंग्रजी किंवा हिंदी चालत असेल तर सहावीपासूनची नवी पुस्तकं जरूर बघा. त्यात ‘करून बघा’ला जागा बरी आहे.

मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग. त्यांनी तिसरी ते पाचवीसाठी ‘स्मॉल सायन्स’ नावाची मालिका केली. प्रत्येक इयत्तेला पाठ्यपुस्तक, कृतिपुस्तक आणि शिक्षकांसाठी वेगळं पुस्तक. घरी शिकवणाऱ्यांनी यातलं शिक्षकांचं पुस्तक आवर्जून वाचावं. मूल काय उत्तर देईल, ते तसं का देईल, त्यावर पुढचा प्रश्न कोणता विचारावा, याचा विचार तिथे केलेला आहे. आठ ते अकरा वयासाठी मला यापेक्षा चांगला कणा माहीत नाही.

मोठ्यांसाठी ‘बाल वैज्ञानिक’. मध्य प्रदेशात १९७२ ते २००२ अशी तीस वर्षं होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सरकारी शाळांत चालला, त्याची सहावी ते आठवीची ही पुस्तकं. हिंदी सोपं आहे, एकलव्य संस्थेने ती जपली आहेत. प्रयोग करा, तक्ता भरा, त्यावरून निष्कर्ष तुम्हीच काढा, अशी त्यांची रीत. उत्तर पुस्तकात सापडत नाही म्हणून काही पालक चिडतात. पण बारा वर्षांच्या मुलाला हीच तर मेजवानी.

अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी आणि त्यांच्या संकेतस्थळावरची मोफत पुस्तकं, त्यांत मराठीही बरीच, हा पूर्ण अभ्यासक्रम नव्हे. तरी काड्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, जुनी मासिकं यांतून बल आणि हवेचा दाब शिकवायला त्यासारखं दुसरं काही नाही. संदर्भासाठी मराठी विश्वकोश आहे, आणि १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेची पत्रिकाही आहे.

परदेशी तयार संच महाग असतात. काही खरोखर उत्तम आखलेले आहेत, ते नाकारायचं कारण नाही. पण त्यांतले ऋतू चार, पानगळ ऑक्टोबरात, आणि हिवाळ्यात बर्फ मोजायचं. ज्या मुलाने कधी बर्फ पडताना बघितलं नाही आणि ज्याच्या डोक्यावर जुलैत कौलांवरचा पाऊस धडधडतो, त्याला ते वर्ष परकं वाटतं. घ्यायचाच तर भौतिकशास्त्र आणि रसायनाचा भाग घ्या, निसर्गाचा आपला वापरा.

एकच धडा सगळीकडे उघडा

पुस्तकं जाहिरातीवरून किंवा मुखपृष्ठावरून निवडू नयेत. एक विषय ठरवा, ‘वनस्पती’ समजा, आणि हाताशी असलेल्या प्रत्येक संचात तो धडा उघडून शेजारी शेजारी ठेवा. एका संध्याकाळचं काम आहे.

मग बघा. धडा मुलाला अंगणात पाठवतो की फक्त चित्र दाखवतो? सामान वाडीतल्या दुकानात आणि परसात मिळतं, की मुंबईहून मागवावं लागतं? प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये मुलाला विचार करायला जागा आहे का? चुकलेल्या उत्तराचं काय करायचं हे शिकवणाऱ्याला सांगितलं आहे का? मुळांचे प्रकार शिकवताना खाजणातल्या तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळं आणि कांदळाचे खांबांसारखे आधार त्या धड्यात बसवता येतात का? बसत असतील तर पुस्तक लवचीक आहे. जिथे ‘पुढील वनस्पतीचे चित्र काढून नावे द्या’ एवढंच आहे, ते संदर्भाच्या फळीवर ठेवा.

शेवटची परीक्षा मुलांची. ठरलेला धडा प्रत्येकाबरोबर एकदा करून बघा, फार शिकवू नका. दुसऱ्या दिवशी मूल आपणहून त्याबद्दल काही बोललं तर तो संच तुमचा.

निवड बहुतेक मिश्र निघेल आणि ते योग्यच आहे. पाच, आठ, बारा अशा घरासाठी माझी शिफारस: धाकट्याला पुस्तक नाही, मधलीला ‘स्मॉल सायन्स’, मोठ्याला ‘बाल वैज्ञानिक’, आणि व्याप्ती तपासायला बालभारती.

वर्षाची आखणी पावसापासून

आपल्याकडे शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि निसर्गाचंही. यापेक्षा सोयीचं काय हवं? रत्नागिरी-सिंधुदुर्गात हंगामात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो मोजण्यापासून वर्ष सुरू करा. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवा. बुडाला खळगे असतात, म्हणून खुणेपर्यंत आधी पाणी भरून तिथे शून्य धरा. पागोळ्या आणि झाडांपासून लांब, मोकळ्यावर ठेवा. रोज ठरलेल्या वेळी धाकटा बाटली बघून ‘कालपेक्षा जास्त की कमी’ सांगेल, मधली मिलिमीटर मोजून रिकामी करून शून्याच्या खुणेवर आणेल, मोठा आठवड्याचा स्तंभालेख काढेल. त्याला एक गणित द्या: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी. मग आपल्या घराच्या छपरावरून काल किती लिटर वाहून गेलं?

जूनमध्येच पेरणीचं बियाणं. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचं बी टाकतात, पोचट दाणे वर येतात ते काढून टाकतात, खाली बसलेलं स्वच्छ पाण्याने धुऊन पेरतात. नारळाच्या बादलीतली घनता इथे शेताच्या कामाला आलेली मुलांना दिसते. तरंगलेले आणि बुडालेले, दोन्हीतले थोडे दाणे ओल्या फडक्यात ठेवून उगवण मोजायला सांगा. याच दिवसांत बेडकांची अंडी, शेवाळ, कुत्र्याच्या छत्र्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते, ती याच महिन्यांत का, हा मोठ्यासाठी प्रश्न. बंदरात शाकारलेल्या होडीजवळ उभं राहून तो थेट विचारू द्या.

श्रावण-भाद्रपदात सड्यावर जा. जांभ्याच्या कातळावर माती जेमतेम बोटभर, तरी फुलं फुलतात. जांभा लाल का? लाखो वर्षांच्या पावसाने बाकीचं धुऊन नेलं आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. गंजलेला खिळा आणि जांभ्याचा तुकडा शेजारी ठेवा, मुलं स्वतः बोलतील.

पाऊस गेला की भात कापणी, धान्यातले किडे, कोळ्यांची जाळी, आणि स्वच्छ आकाश. मृग नक्षत्र थंडीत संध्याकाळी पूर्वेला दिसतं. मोठ्या मुलाला विचारा: मग ७-८ जूनला ‘मृग लागला’ म्हणतात तेव्हा ते आकाशात का दिसत नाही? उत्तर असं की त्या वेळी सूर्यच त्या नक्षत्रात असतो. आजी-आजोबांच्या तोंडचं पंचांग आणि पृथ्वीचं सूर्याभोवती फिरणं यांची इथे गाठ पडते. हा प्रश्न घरात आठवडाभर राहू द्या, लगेच सोडवू नका.

डिसेंबर ते फेब्रुवारी मोहोर, परागीभवन, आणि किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून हे काम उभं केलं, आता किनाऱ्यावर अनेक गावांत घरटी जपली जातात. अंड्यांतून पिल्लं साधारण ४५ ते ६० दिवसांत येतात. वाळू जास्त उबदार असली तर माद्या जास्त होतात, हे मोठ्यांना जरूर सांगा.

मार्च ते मे स्वयंपाकघराचं रसायन. जास्वंदीची फुलं गरम पाण्यात ठेवून अर्क काढा, लिंबू पिळलं की गुलाबी-लाल, सोडा टाकला की हिरवट. हळदीचा कागद साबणाने लाल. मग आगळ, ताक, चुन्याची निवळी, राखेचं पाणी, जे घरात असेल ते तपासा. एक लिटर समुद्राचं पाणी ताटात उन्हात ठेवलं तर साधारण ३५ ग्रॅम मीठ उरतं. खाडीच्या पाण्यात किती उरेल, याचा आधी अंदाज लिहायचा. दुपारचे खारे वारे आणि पहाटेचे मतलई वारे उदबत्तीच्या धुराने ओळखा. आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात दक्षिण आणि मध्य कोकणात शून्य सावलीचा दिवस येतो. उभ्या काठीची सावली नाहीशी होते, तीही बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास. का? आपण भारताच्या प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून बरेच पश्चिमेला आहोत म्हणून.

एक विषय, तीन वयं: भरती-सुकतीचा पंधरवडा

आखणी प्रत्यक्षात कशी उतरते हे एका विषयावर दाखवते. पंधरवडा अमावस्येपासून पौर्णिमेपर्यंतचा घ्या आणि पावसाळा टाळा.

पाच वर्षांच्या मुलाचं काम: किनाऱ्यावर पाण्याच्या कडेला मोठ्या माणसाबरोबर काठी रोवायची आणि थोडा वेळ वाळूत खेळायचं. पाणी काठीच्या पुढे आलं की मागे गेलं? घरी आल्यावर चित्र. सुकतीला खडकांतल्या डबक्यांत काय काय दिसलं, तेही चित्रात. त्याने चंद्राचा रोजचा आकार काढला तर उत्तमच, समजावून काही सांगायची गरज नाही.

आठ वर्षांची मुलगी जेटीच्या पायऱ्यांवर किंवा ठरावीक खडकावर पाणी सगळ्यात वर कधी पोचलं ती वेळ लिहील. रोज शक्य नसेल तर दिवसाआड. चार-पाच नोंदी झाल्या की भरती दर दिवशी साधारण ५० मिनिटं पुढे सरकते हे तिचं तिलाच दिसतं. ते तुम्ही आधी सांगून टाकू नका. सलग दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास असतात, हेही त्याच तक्त्यातून निघतं.

बारा वर्षांच्या मुलासाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, सकाळ-संध्याकाळ सहाला पूर्ण भरती, बाराला सुकती. पौर्णिमेला सव्वाअकरा. आता त्याने हा हिशेब बहिणीच्या तक्त्याशी आणि छापील भरतीच्या वेळापत्रकाशी ताडून बघायचा. काही मिनिटांचा फरक येईल, कधी जास्तही. फरक कुठून येतो? रोजची सरक पाऊण तासापेक्षा थोडी जास्त आहे, शिवाय बंदराप्रमाणे वेळ बदलते. जुना हिशेब चुकीचा ठरवायचा नाही. तो किती अचूक आहे आणि होडी काढायला तेवढी अचूकता पुरते का, हे मोजायचं. यातच मोजमापातल्या त्रुटीचा सगळा धडा येतो. मग उधाण (सगळ्यात मोठी भरती) आणि भांग (सगळ्यात लहान भरती): अमावस्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, अष्टमीच्या आसपास काटकोनात. सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. दिवसातून दोनदा भरती का, एकदाच का नाही, हा प्रश्न अवघड आहे. त्यासाठी तीन दिवस द्या, कागदावर पृथ्वी-चंद्र काढू द्या.

शेवटच्या दिवशी तिघांनी मिळून घरातल्या कुणाला तरी हे समजावून सांगायचं, धाकट्याने चित्र धरून. मूल्यमापन म्हणून एवढं पुरे.

किनाऱ्यावरचे नियम मात्र ठाम ठेवा. जून ते सप्टेंबर खडकांवर आणि पाण्यात नाही. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख हातात घ्यायचा नाही, तो विषारी दंश करतो. जेलीफिश वाळूवर मेलेली दिसली तरी शिवायचं नाही. प्रवाळ आणि समुद्रघोडे कायद्याने संरक्षित आहेत, ते घरी आणायचे नाहीत. कातळावर दगड उचलताना आधी काठीने हलवायचा, फुरसं या विषारी सापाचा मुलूख आहे. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर चिखलात जायचं नाही, लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा, धोका असतो. आणि बघून झालेला दगड होता तसाच परत ठेवायचा, त्याखाली कुणाचं तरी घर असतं.

वेळ आणि वही

विज्ञान रोज नको. आठवड्यातून दोनदा सगळे मिळून तासभर, त्यानंतर मधलीला आणखी एकदा पाऊण तास कृतिपुस्तक, मोठ्याला आणखी दोनदा तासभर स्वतंत्र वाचन आणि लेखन. धाकट्याला ते दोन तासच, आणि त्यातही कंटाळला तर उठू द्यावं.

प्रत्येकाची एक नोंदवही. तारीख, हवा, काय बघितलं, आधी काय वाटलं होतं, काय निघालं. ‘आधी काय वाटलं होतं’ हा रकाना कधीही खोडायचा नाही. उद्या शाळेत किंवा मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला जायचं झालं तर ही वही मुलाने काय केलं याचा पुरावाही होते.

शिकवणारे गावात आहेत

पालकाला सगळं यायला हवं असं नाही. कोय कलम कसं बांधतात हे बागायतदार काका दाखवतील, आणि फांदी एका झाडाची, मूळ दुसऱ्याचं, तरी फळ फांदीचं का, हा आनुवंशिकतेचा पहिला धडा तिथेच होतो. होडीवरच्या मामांना वारा आणि पाणी वाचता येतं. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रात मत्स्यालय आणि संग्रहालय आहे, भाट्याला नारळ संशोधन केंद्र, वेंगुर्ल्याला आंबा-काजूवर काम करणारं फळ संशोधन केंद्र, आणि दापोलीला १९७२ साली सुरू झालेलं कृषी विद्यापीठ. जाण्याआधी फोन करा आणि मुलांचे प्रश्न लिहून न्या.

विजयदुर्गाला गेलात तर मोठ्या मुलासाठी एक वेगळं काम आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयरने याच किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, असं तिथे सांगितलं जातं, १८ ऑगस्टला हेलियम दिनही साजरा होतो. नोंदी काही वेगळं सांगतात. त्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. लॉकयरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटातली, पुढे हेलियमची खूण ठरलेली पिवळी रेषा बघितली. ते भारतात आले डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी, केरळातल्या बेकल किल्ल्यावर. मुलाला दोन्ही बाजू द्या आणि कुठला पुरावा भक्कम, हे त्याला ठरवू द्या. किल्ल्याचं मोल त्याने कमी होत नाही, आणि ऐकलेली गोष्ट तपासायची सवय आपल्या गावाच्या अभिमानापाशी थांबत नाही हे त्याला कळतं.

किनारा जे शिकवत नाही

अशा अभ्यासक्रमात जीवसृष्टी, हवामान, आकाश, माती भरपूर होते. मागे राहतं ते विद्युत, चुंबक, प्रकाश, ध्वनी, बल, अणू-रेणू, मानवी शरीर आणि आरोग्य. हे आपोआप होणार नाही, मुद्दाम करावं लागेल, आणि त्यासाठी जुलै-ऑगस्टचे घरात कोंडलेले दिवस उत्तम. टॉर्चचा बल्ब, दोन सेल आणि वायरचे तुकडे, एक आरसा, भिंग, चुंबक, दोरी आणि कप्पी एवढ्या सामानात ‘बाल वैज्ञानिक’मधले बरेच प्रयोग होतात.

दिवाळीत आणि मेमध्ये, वर्षातून दोनदा, बालभारतीच्या अनुक्रमणिका समोर घ्या: मधलीसाठी परिसर अभ्यास, मोठ्यासाठी सहावी ते आठवी सामान्य विज्ञान. जे प्रत्यक्ष केलं त्यापुढे एक खूण, जे फक्त वाचलं त्यापुढे वेगळी खूण, जे झालंच नाही ते मोकळं. मोकळ्या धड्यांची यादी पुढच्या सहा महिन्यांत वाटून टाका. पुस्तक बदलायचं वाटत असेल तर तेही याच दोन वेळी, मध्येच नको. आणि सहा वर्षांचा झालेला धाकटा एव्हाना ताईच्या तक्त्यात डोकावत असेल, तर पावसाची बाटली आता त्याच्याकडे द्या आणि ताईला पुढचं काम शोधा.